क्योतोतील रोजचे जेवण आणि चहा : नव्या रसिकाने सुरुवात कुठून करावी

जपानी खाण्याशी आपल्याकडे बहुतेकांची पहिली गाठ सुशीमुळे पडते आणि जपानी चहाशी हिरव्यागार, फेसाळ माचामुळे. दोन्ही गोष्टी उत्तम आहेत, परंतु जपानी घरात रोज सुशी होत नाही आणि रोज माचाही घुसळला जात नाही. ज्याला या अन्नाची खरी गोडी लावून घ्यायची आहे त्याने वाफाळता भात, मिसोचे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे सूप, लहान वाडग्यांतील दोन-तीन भाज्या, थोडे लोणचे आणि सोबत भाजलेल्या पानांचा साधा चहा येथून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. या जेवणातील चवी सौम्य असतात आणि त्या ओळखण्याची सवय जिभेला हळूहळूच लागते. ती लागल्यानंतर महागडा ग्योकुरो चहा किंवा बारा पदार्थांचे औपचारिक भोजन समोर आले, तर त्यात नेमके काय चाखायचे आहे हे कळू लागते. त्याआधी ते केवळ देखणे वाटते.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी क्योतो-ओसाका परिसरात काही काळ राहणारा मराठी वाचक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे. आठवडाभरासाठी जाणाऱ्यालाही यातील बराच भाग उपयोगी पडेल. क्योतो निवडण्याचे कारण सरळ आहे. जपानी चहाची सर्वांत मानाची भूमी असलेले उजी येथून रेल्वेने वीस मिनिटांच्या अंतरावर आहे, बौद्ध मठांतील शाकाहारी पाककला येथे आजही जिवंत आहे, आणि चहासोबतची मिठाई इतक्या बारकाईने दुसऱ्या कोणत्याही शहरात क्वचितच होत असेल.

बाजार आणि ऋतू

निशिकी बाजार एकदा अवश्य पाहावा, परंतु सकाळी दुकाने उघडताच. चारशे मीटरहून थोड्या कमी लांबीच्या या छप्पर असलेल्या अरुंद गल्लीत लोणची, सुके मासे, टोफू आणि चाकूसुऱ्यांची पिढीजात दुकाने आहेत; दुपारी मात्र तेथे पर्यटकांच्या गर्दीत वस्तू नीट पाहताही येत नाही. चालता चालता खाऊ नये अशी तेथील दुकानदारांची विनंती असते, म्हणून जे घेतले ते त्याच दुकानासमोर उभे राहून संपवावे. रोजच्या खरेदीसाठी मी देमाची येथील मासुगाता बाजाराकडे जाण्याचा सल्ला देईन. आसपासच्या घरांतील माणसे भाजी, टोफू आणि मासळी घ्यायला येथे येतात, आणि या आठवड्यात काय स्वस्त आणि ताजे आहे हे त्यांच्या पिशव्यांकडे पाहूनच समजते.

देमाचीला आणखी एक महत्त्व आहे. जपानच्या समुद्राकाठच्या वाकासा प्रदेशातून मीठ लावलेला साबा मासा खांद्यावरून क्योतोत आणण्याची जी जुनी वाट होती, ती येथे संपत असे. साबा हा बांगड्याच्याच कुळातला मासा आहे, त्यामुळे कोकणातल्या आणि गोव्यातल्या खवय्याला त्याची ओळख पटायला वेळ लागत नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरांच्या पायपिटीत मासा मिठात योग्य तेवढा मुरत असे आणि त्यापासून क्योतोची साबाझुशी घडली : शिरक्यात मुरवलेल्या माशाचा जाड थर, त्याखाली दाबून बसवलेला भात आणि वरून कोम्बू या समुद्री वनस्पतीचे आवरण. समुद्रापासून दूर असलेल्या शहराची सुशी अशी असते, आणि क्योतोत पहिली सुशी खायची तर तीच खावी.

येथील खाणे दिनदर्शिकेला घट्ट बांधलेले आहे. एप्रिलमध्ये शहराच्या पश्चिमेकडील टेकड्यांच्या पायथ्याचे कोवळे बांबूचे कोंब येतात. ते खणून काढल्यापासून जितक्या लवकर शिजतील तितके गोड लागतात, म्हणून सकाळी आणलेला कोंब दुपारपर्यंत चुलीवर गेला पाहिजे. मेच्या आरंभी नवा चहा येतो. ३० जूनला मिनाझुकी नावाची त्रिकोणी, पांढऱ्या थरावर गोड अझुकी चवळी पसरलेली मिठाई खाण्याची रीत आहे. जुलैत गिओन उत्सवाच्या दिवसांत हामो हा लांबट, विलक्षण काटेरी मासा येतो. त्याची कातडी न कापता दर तीन सेंटिमीटरला वीस-पंचवीस बारीक चिरा देऊन आतले काटे तोडावे लागतात, आणि हे कसब असलेला आचारी पाहणे हाच एक आनंद आहे. शरदात नवा तांदूळ, चेस्टनट आणि नव्या पिठाचे सोबा म्हणजे कुट्टूच्या नूडल्स येतात. हिवाळ्यात शोगोइन जातीच्या मोठ्या सलगमाच्या पातळ चकत्यांचे सेनमाइझुके हे लोणचे बाजारात दिसू लागते, आणि नववर्षाच्या सकाळी पांढऱ्या मिसोत गोल मोची म्हणजे चिकट तांदळाचे गोळे सोडलेले ओझोनी हे सूप होते. यांतली प्रत्येक गोष्ट त्या त्या आठवड्यातच खावी. इतर वेळी मिळाली तरी ती घेण्यात अर्थ नसतो.

दाशी : सगळ्याच्या तळाशी असलेला रस

या पाककलेतील एकच गोष्ट स्वतः करायला शिकायची असेल, तर ती दाशी असावी. कोम्बू आणि कात्सुओबुशी म्हणजे धूर देऊन कडक वाळवलेल्या बोनिटो माशाचे पातळ काप, यांच्यापासून काढलेला हा स्वच्छ रस सूप, उकडलेल्या भाज्या, अंड्याचे घडीचे आम्लेट, नूडल्सचे पाणी अशा जवळपास सगळ्या पदार्थांत असतो. क्योतोचे आचारी यासाठी होक्काइदो बेटाकडील रिशिरी येथील कोम्बू पसंत करतात, कारण त्याचा रस पारदर्शक आणि मंद गोड उतरतो. एदो काळात (१६०३–१८६८) कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजे उत्तरेकडून हा माल पश्चिम किनाऱ्यावर आणत आणि तेथून तो डोंगर ओलांडून क्योतोत येत असे. येथील पाणी मृदू असल्यामुळे कोम्बूचा रस त्यात चांगला उतरतो, आणि या शहराची पाककला मुळात याच दोन गोष्टींवर उभी राहिली आहे.

एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोम्बू घ्यावे. त्यावर पांढरी भुकटी दिसते, ती बुरशी नसून चवीचाच भाग असतो, म्हणून कोम्बू धुऊ नये. ओल्या फडक्याने फक्त धूळ टिपून घ्यावी. ते पाण्यात घालून रात्रभर शीतकपाटात ठेवावे, किंवा सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमानावर तासभर ठेवावे. पाणी उकळण्यापूर्वी कोम्बू बाहेर काढणे अत्यावश्यक आहे, अन्यथा रसाला बुळबुळीतपणा आणि समुद्री वास येतो. त्यानंतर पाणी उकळीच्या जवळ आणून वीस ते तीस ग्रॅम कात्सुओबुशी घालावी, आच बंद करावी, मिनीट-दोन मिनिटांनी कापडातून गाळावे आणि कापड पिळू नये. शाकाहारी माणसाने कात्सुओबुशीऐवजी वाळवलेले शिताके अळिंबे थंड पाण्यात रात्रभर भिजवून त्यांचे पाणी कोम्बूच्या रसात मिसळावे.

या चवीमागचे रसायन क्योतोतच जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ इकेदा किकुनाए यांनी १९०८ मध्ये उलगडले. कोम्बूच्या रसातून त्यांनी ग्लुटामेट वेगळे केले आणि ही गोड, आंबट, खारट व कडू यांहून निराळी चव आहे असे दाखवून दिले. कात्सुओबुशीत इनोसिनेट आणि शिताकेत ग्वानिलेट असते, आणि यांपैकी कोणतेही ग्लुटामेटच्या सोबतीला आले की चव नुसती वाढत नाही, ती कैक पटींनी ठळक होते. म्हणूनच दाशी जवळजवळ नेहमी दोन पदार्थांची असते.

शाकाहारी वाचकाने येथे सावध राहायला हवे. सूपमध्ये मासा दिसत नाही, भाजीत मासा दिसत नाही, टोफूवरही दिसत नाही, आणि तरीही तिन्हींत कात्सुओबुशीचा रस असू शकतो. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन’ म्हणजे मांस-मासे खात नाही एवढे सांगून भागत नाही. ‘कात्सुओ नो दाशी मो ताबेमासेन’ हेही सांगावे लागते. आयत्या वेळी सांगितल्यास उपाहारगृहाचा बहुधा नाइलाज होतो, कारण दाशी सकाळीच काढून ठेवलेली असते आणि शिजलेल्या पदार्थातून ती वेगळी करता येत नाही. एक-दोन दिवस आधी दूरध्वनी करून विचारावे, आणि शक्य असल्यास जपानी मित्राकडून हे वाक्य कागदावर नीट लिहून घेऊन तो कागद जवळ ठेवावा.

निश्चिंत मनाने जेवायचे असेल तर मठांतील शोजिन र्योरी या भोजनाकडे वळावे. त्यात मांस-मासे तर नसतातच, शिवाय कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या तीव्र वासाच्या भाज्याही वर्ज्य असतात. चातुर्मासात कांदा-लसूण बाजूला ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला त्यामागची शिस्त वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आराशियामा येथील तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचे भोजनगृह आहे. तेथील लाल ताटल्यांत तीळ आणि कुझू या वेलीच्या मुळाचे सत्त्व यांचा गोमादोफू, सोयाबीनच्या दुधावरची साय म्हणजे युबा आणि गव्हाच्या ग्लुटेनपासून केलेला फू अशा पदार्थांनी वाढप होते. पहिल्या घासाला हे अन्न फिके वाटेल. घाई न करता, एका पदार्थावरून दुसऱ्याकडे जाताना मध्ये भाताचा घास घेत जेवल्यास अर्ध्या तासात चवींतील फरक स्पष्ट होऊ लागतात.

घरचे ताट

जपानी घरच्या जेवणाची चौकट म्हणजे भात, एक सूप आणि तीन पदार्थ, सोबत लोणचे. २०१३ मध्ये युनेस्कोने जपानी खाद्यसंस्कृतीचा अमूर्त वारशात समावेश केला, तेव्हा भर याच समतोलावर होता.

भातासाठी एक व्यावहारिक सूचना : जपानी कुकरसोबत येणारा तांदळाचा पेला १८० मिलिलिटरचा असतो आणि त्यात सुमारे १५० ग्रॅम तांदूळ बसतात, त्यामुळे इतर पाककृतींतील कपाशी त्याची गल्लत करू नये. तांदूळ पहिल्या पाण्यात फक्त ढवळून ते पाणी ताबडतोब टाकून द्यावे, कारण कोरडा दाणा पहिले पाणी सर्वांत जास्त शोषतो आणि त्यासोबत कोंड्याचा वासही. मग आणखी दोन-तीनदा धुऊन अर्धा तास भिजवावेत, तांदळाच्या सव्वापटीहून किंचित कमी पाणी घालावे, आणि शिजल्यावर दहा मिनिटे झाकण न उघडता राहू द्यावे.

मिसो निवडताना क्योतोचा पांढरा, गोडसर मिसो आणि नेहमीचा तांबूस, खारट मिसो असे दोन प्रकार घरी ठेवावेत. आइची प्रांतातील ओकाझाकी येथील काळपट हात्चो मिसो त्याहून उग्र असतो आणि तो नंतर कधीतरी चाखावा. दाशीत भाजी आणि टोफू शिजले की आच बंद करून मगच मिसो गाळणीतून विरघळवावा. मिसो घातल्यावर सूप उकळले तर त्याचा सुगंध निघून जातो, आणि सूपमध्ये सुगंधच तर हवा असतो.

लोणच्यांत क्योतोची तीन नावे लक्षात ठेवावीत. सेनमाइझुके वर आलेच आहे. ओहारा गावाचे शिबाझुके हे वांगी आणि तांबडी शिसो पाने मिठात आंबवून केलेले जांभळे लोणचे आहे, आणि कामिगामो भागातील सुगुकी हे एका जातीच्या सलगमाचे, केवळ मीठ आणि नैसर्गिक आंबवण यांवर तयार होणारे आंबट लोणचे आहे. मराठी जिभेला सुगुकी सर्वांत लवकर आवडेल असा माझा अंदाज आहे. तिखटाची ओढ असणाऱ्यांनी सान्शो जवळ बाळगावा. हे झाड आपल्या तिरफळाच्याच प्रजातीतले आहे. वास लिंबासारखा अधिक, पण जिभेवर येणारी झिणझिणी अगदी ओळखीची. वाफवलेल्या भाजीवर किंवा मासळीवर चिमूटभर पुरतो.

जेवताना भाताचे भांडे डाव्या हाताच्या बाजूला असते आणि ते उचलून तोंडाजवळ नेणे हेच शिष्टाचाराला धरून आहे. चॉपस्टिक्स भातात उभ्या रोवू नयेत आणि एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास देऊ नये, कारण या दोन्ही कृती अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत. बाकीच्या लहानसहान चुका कोणी मनावर घेत नाही.

चहा निवडणे

जपानमधला बहुतेक सगळा हिरवा चहा पाने खुडताच वाफवून केला जातो. वाफेमुळे पानातील विकरे निकामी होतात आणि रंग हिरवा राहतो. पाने वाफवायची, चोळायची आणि वाळवायची ही आजच्या सेन्चाची, म्हणजे रोजच्या पानांच्या हिरव्या चहाची पद्धत १७३८ मध्ये उजीजवळच्या उजितावारा गावातील नागातानी सोएन यांनी रूढ केली. त्यापूर्वी सामान्य माणसाच्या वाट्याला तपकिरी, रांगडा काढाच येत असे. ऊन, सावली आणि भाजणे या तीन गोष्टी समजल्या की जपानी चहाचे कोष्टक सोपे होते. चहाच्या मुळांत तयार होणारे थिआनिन हे गोडसर अमिनो आम्ल पानात येते आणि सूर्यप्रकाशात त्याचे रूपांतर तुरट कॅटेचिनमध्ये होत जाते. म्हणून उन्हात वाढलेला सेन्चा ताजातवाना आणि तुरट असतो, तर खुडणीपूर्वी सुमारे वीस दिवस आच्छादनाखाली ठेवलेला ग्योकुरो आणि माचाची पाने दाट, दाशीची आठवण करून देणारी चव देतात. मोठी, उशिरा खुडलेली पाने म्हणजे बांचा. सेन्चा किंवा बांचा भाजला की होजिचा होतो, आणि भाजलेला तांदूळ मिसळला की गेनमाइचा. क्योतोच्या घरांत क्योबांचा हा आणखी एक प्रकार असतो : न चोळलेली मोठी पाने तीव्र आचेवर भाजल्यामुळे त्याला शेकोटीसारखा धुराचा वास येतो. अनेकांना तो पहिल्यांदा चमत्कारिक वाटतो, परंतु त्यात कॅफिन फारच कमी असल्यामुळे येथे लहान मुलांनाही तो देतात, आणि तेलकट जेवणानंतर त्याच्याइतके समाधान दुसरा कोणताही चहा देत नाही.

दुकानात शिरल्यावर आधी १०० ग्रॅमचा भाव पाहावा. रोजच्या सेन्चासाठी १०० ग्रॅमला हजार येनच्या आसपासचा चहा पुरेसा चांगला असतो. त्याहून फार स्वस्तात पाने मोडकी असतात आणि फार महागात सुरुवातीला फरक कळत नाही. ‘उजी चहा’ या नावाखाली क्योतोसोबत नारा, शिगा आणि मिए या शेजारच्या प्रांतांतील पानेही येतात, मात्र त्यांवरची अंतिम प्रक्रिया क्योतोत झालेली असावी लागते. त्यात फसवणूक काही नाही, पाने मिसळून वर्षानुवर्षे तीच चव राखणे हे येथील चहा-व्यापाऱ्याचे खरे कौशल्य आहे. तेरामाची रस्त्यावरील इप्पोदो हे १७१७ पासूनचे दुकान नवशिक्यासाठी विशेष चांगले, कारण त्याच्या काबोकु या चहाकक्षात आपल्यालाच किटली हाती देऊन चहा काढायला लावतात आणि शेजारी उभे राहून समजावतात.

सेन्चा काढण्याची रीत

बाजूला दांडा असलेली क्यूसु ही किटली घ्यावी; दोघांसाठी २०० ते ३०० मिलिलिटरची पुरते. आइची प्रांतातील तोकोनामे येथील तांबड्या मातीची, आत मातीचीच बारीक जाळी असलेली किटली आयुष्यभर टिकते. डावखुऱ्यांसाठी उलट्या दांड्याच्या किटल्याही मिळतात. धुताना साबण लावू नये, गरम पाण्याने विसळून उघडी वाळवावी.

पाणी पूर्ण उकळावे, परंतु उकळते पाणी पानांवर कधीही ओतू नये. आपल्याकडच्या सवयीमुळे हात नेमका तिकडेच जातो, आणि मग जपानी चहा कडू असतो असा समज कायमचा बसतो. उकळलेले पाणी आधी पेल्यांत ओतावे. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात गेल्याने पाण्याचे तापमान सुमारे दहा अंशांनी उतरते, पेले गरम होतात आणि मापही आपोआप साधते. पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत आले की किटलीत टाकलेल्या पाच ग्रॅम पानांवर सुमारे २०० मिलिलिटर पाणी ओतावे, झाकण लावावे आणि मिनीटभर थांबावे. अधिक वेळ वाफवलेला फुकामुशी प्रकार असेल तर अर्धे-पाऊण मिनीट पुरते. या काळात किटली हलवू नये, ढवळू नये, कारण त्याने रस गढूळ आणि तुरट होतो.

ओतताना एक पेला भरून मग दुसरा असे न करता, दोन्हींत थोडे थोडे, जाऊन-येऊन ओतावे, म्हणजे दोघांच्या पेल्यांत सारखीच चव उतरते. शेवटचा थेंब पडेपर्यंत किटली कलती धरावी. या थेंबांत सर्वांत दाट रस असतो, आणि पाणी आत राहिले तर पाने भिजत राहून पुढचा चहा बिघडतो. दोन वेळांमध्ये झाकण किंचित सरकवून ठेवावे. दुसऱ्या वेळी पाणी थोडे अधिक गरम घ्यावे आणि दहा-पंधरा सेकंदांतच ओतावे. तिसऱ्या वेळी आणखी गरम. पहिला पेला गोडव्याचा, दुसरा सुगंधाचा आणि तिसरा तुरटीचा असतो, आणि तिघांत मला दुसरा सर्वांत प्रिय आहे.

उन्हाळ्यात दहा-पंधरा ग्रॅम सेन्चा एक लिटर थंड पाण्यात घालून शीतकपाटात तीन ते सहा तास ठेवावा. थंड पाण्यात कॅटेचिन आणि कॅफिन कमी उतरते, थिआनिन मात्र उतरते, त्यामुळे हा चहा आश्चर्य वाटावे इतका गोड होतो.

ग्योकुरो वेगळ्या वृत्तीने घ्यावा. दहा ग्रॅम पानांना केवळ ८० मिलिलिटरच्या आसपास पाणी, तेही ५० ते ६० अंशांचे, आणि दीड-दोन मिनिटे. घोट चमचाभरच येतो, तो गिळण्याची घाई करू नये. याच्यासोबत काही खाऊ नये. तीन-चार वेळा चहा काढून झाल्यावर उरलेली कोवळी पाने थोडा सोया सॉस किंवा पोन्झु हा लिंबाच्या जातीच्या फळांच्या रसाचा आंबट सॉस घालून खातात, आणि ती खरोखर चविष्ट लागतात.

माचा, मिठाई आणि उजी

माचाच्या डबीवरील इंग्रजी प्रतवारीला जपानी नियमांत कोणताही आधार नाही. क्योतोतील दुकाने पातळ चहा म्हणजे उसुचा आणि दाट चहा म्हणजे कोइचा यांपैकी कशासाठी तो योग्य आहे हे सांगतात, तेच विचारावे. २०२४ च्या शरदापासून मागणी इतकी वाढली की जुन्या दुकानांनीही गिऱ्हाइकागणिक खरेदीवर मर्यादा घातली, म्हणून मिळेल ती वीस ग्रॅमची लहान डबी घेऊन ती ताजी संपवणे उत्तम. पाने दगडी जात्यात तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम या गतीने दळली जातात, हे लक्षात घेतले की भावाचे आश्चर्य वाटत नाही.

वाडगा गरम पाण्याने ऊबदार करून पुसावा आणि त्याच पाण्यात बांबूची घुसळणी भिजवून मऊ करावी. दोन ग्रॅम माचा चाळून घ्यावा, ८० अंशांचे ७० मिलिलिटर पाणी ओतावे आणि मनगट सैल ठेवून पुढे-मागे पंधरा-वीस सेकंद वेगाने घुसळावे. उरासेन्के परंपरेत पूर्ण पृष्ठभागावर बारीक फेस आणतात, तर ओमोतेसेन्के परंपरेत काही भाग फेसाविना मोकळा ठेवतात. दोन्ही परंपरा चहासमारंभाचे थोर आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या वंशजांच्या आहेत आणि दोन्ही योग्य आहेत.

मिठाई चहाच्या आधी खावी, चहासोबत नव्हे. आधी पूर्ण मिठाई संपवावी आणि जिभेवर गोडवा असतानाच चहा घ्यावा. बहुतेक वागाशी म्हणजे जपानी मिठाया डाळीच्या गोड सारणाच्या, तांदळाच्या पिठाच्या आणि समुद्री शेवाळापासून केलेल्या अगर-अगरच्या असल्यामुळे शाकाहारी माणसाला येथे मोकळेपणाने निवड करता येते.

उजीला जाताना एक पूर्ण दिवस ठेवावा. नदीकाठी ब्योदोइन मंदिराजवळ नगरपालिकेचे ताइहोआन हे चहागृह आहे; तेथे माफक दरात तातामी या गवती चटईवर बसून नीट पद्धतीने माचा मिळतो आणि नवख्याला बुजल्यासारखे होत नाही. त्याच दिवशी मान्पुकुजी मठाला जावे. चीनमधून आलेले भिक्षू इन्गेन यांनी १६६१ मध्ये तो स्थापला, आणि त्यांच्या परंपरेने जपानला फुचा र्योरी हे चिनी वळणाचे शाकाहारी भोजन दिले. त्यात चौघेजण एका मेजाभोवती बसून मोठ्या ताटल्यांतून वाटून घेतात. सेन्चा रस्त्यावर विकत फिरणारे प्रसिद्ध भिक्षू बाइसाओ (१६७५–१७६३) याच मठाच्या ओबाकू पंथाचे होते. पानांचा चहा आणि भोजन एकत्र समजून घेण्यासाठी याहून योग्य जागा मला ठाऊक नाही. मात्र आगाऊ नोंदणी करूनच जावे.

कोणत्या जेवणाला कोणता चहा

जेवणासोबत होजिचा किंवा बांचा, गरम आणि भरपूर. तेम्पुरासारख्या तळलेल्या पदार्थांनंतर क्योबांचा. सुशीसोबत मोठ्या पेल्यात येणारा कडक, गरम कोनाचा हा चुऱ्याचा चहा माशाची चरबी जिभेवरून धुऊन काढतो, म्हणून तो प्रत्येक दोन-तीन घासांनी घ्यावा. सेन्चा जेवण संपल्यावर थोड्या वेळाने, योकान या अझुकीच्या गोड वडीच्या पातळ कापासोबत. उरलेल्या भातावर लोणचे ठेवून गरम चहा ओतला की ओचाझुके होते; त्यासाठी सेन्चा वा होजिचा दोन्ही चालतात, पण सुगुकी असेल तर होजिचाच घ्यावा. औपचारिक चहासमारंभात दाट कोइचापूर्वी जे हलके भोजन देतात, त्याचे कारणही व्यावहारिक आहे : इतका तीव्र चहा रिकाम्या पोटी सोसत नाही.

बाहेर जेवायला जाताना दाराशी कापडी पडदा लावलेला असेल तर दुकान उघडे आहे असे समजावे, आठवड्याच्या सुट्टीचा वार आधी पाहून ठेवावा आणि बक्षिसी देऊ नये. दुपारच्या जेवणात तेइशोकु म्हणजे भात, सूप, मुख्य पदार्थ आणि लोणचे असे पूर्ण ताट रात्रीपेक्षा बरेच स्वस्त मिळते. मासे खाणाऱ्याने एकदा निशिन सोबा मागवावा. त्यावरचा गोडसर शिजवलेला सुका हेरिंग मासा कोम्बूसोबतच त्या जुन्या जहाजांतून उत्तरेकडून येत असे. थंड सोबा घेतल्यास शेवटी येणारे नूडल्स शिजवल्याचे पांढुरके पाणी उरलेल्या सॉसमध्ये ओतून प्यावे.

चहा घरी नेताना

मुंबई-पुण्याला चहा न्यायचा असेल तर ५० ग्रॅमच्या हवाबंद पिशव्याच घ्याव्यात. न उघडलेली पिशवी शीतकपाटात ठेवावी, परंतु बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास उघडू नये. विशेषतः पावसाळ्यात थंड पानांवर हवेतील बाष्प क्षणात बसते आणि सुगंध जातो. उघडलेला सेन्चा महिनाभरात संपवावा, माचा त्याहून लवकर. कूपनलिकेच्या जड पाण्यात सेन्चाची चव दबते, म्हणून गाळणयंत्राचे मृदू पाणी वापरावे. एवढे करूनही एखादी पिशवी मागे राहून शिळी झाली, तर ती टाकून देऊ नये. कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर पाने सतत हलवत भाजावीत, कडा तपकिरी होऊन खमंग वास सुटताच लगेच ताटात काढून गार करावीत, आणि हा घरचा होजिचा उकळत्या पाण्यात अर्धा मिनीट ठेवून रात्रीच्या भातासोबत घ्यावा.